‘नोमोडसेट’ टाकलं, स्क्रीन आली. पण कार्ड कुठे चाललंय? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनक्सवरच्या एनव्हिडिया ड्रायव्हरबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर टीका केलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : मिंट (लिनक्सचा एक प्रकार) टाकल्यावर काळी स्क्रीन आली तर ग्रबमध्ये, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या मेन्यूमध्ये, ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा पर्याय कायमचा लिहून मोकळं व्हावं, फारच वाटलं तर कंपनीच्या साइटवरून सगळ्यात नवा ड्रायव्हर घ्यावा, लॉग (सिस्टिमच्या नोंदी) आणि सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सुरक्षा) यांच्या गोष्टी सांगून मी नवख्या माणसाला घाबरवतो. तुमच्या जीटीएक्स १०५० टीआय या एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर नोमोडसेटने काम झालं, ‘फक्त व्हिडिओ जरा अडकतो आणि पंखा जोरात फिरतो, पण चालतं.’

ते चालायला नको. नोमोडसेट दिलं की नूवोसारखे (नूवो म्हणजे लिनक्ससोबत येणारा, एनव्हिडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर) ड्रायव्हर स्क्रीनचा ताबा घेत नाहीत. बूट होताना फर्मवेअरने (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने) जी साधी फ्रेमबफर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र ठेवायची मेमरीतली जागा, तयार करून दिलेली असते, तिच्यावरच चित्र उमटत राहतं आणि ते रंगवण्याचं सगळं काम सीपीयूवर पडतं. पंखा त्यामुळेच फिरतोय. टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (glxinfo -B) चालवून पाहा. रेंडररच्या ओळीत ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe, म्हणजे सीपीयूवरच चित्र रंगवणारं सॉफ्टवेअर) दिसलं, तर तुम्ही पैसे मोजून घेतलेलं कार्ड नुसतं बसून आहे.

नोमोडसेट वाईट आहे असं मी लिहिलेलं नाही. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो शब्द लिहायचा, एफ१० दाबायचं. तो त्या एका बूटपुरता राहतो. डेस्कटॉप दिसला की मिंटच्याच ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकायचा आणि रीस्टार्ट करायचं. एवढंच त्याचं काम.

इथे तुमच्या कार्डासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मोड्यूलचा, म्हणजे ड्रायव्हरच्या लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसणाऱ्या भागाचा, सोर्स खुला केला, पण तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या कार्डांपुरताच. १०५० टीआय त्याआधीच्या पास्कल पिढीचं आहे. म्हणून यादीत ज्याच्या नावाला शेवटी ‘ओपन’ लावलंय तो ड्रायव्हर तुम्ही निवडू नका, तो या कार्डावर चालणारच नाही. ‘सगळ्यात नवा घ्या’ हा सल्लाही याच कारणाने धोक्याचा : पास्कल आणि त्याआधीची मॅक्सवेल पिढी सांभाळणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा ५८० आहे. शिवाय साइटवरची ‘.रन’ फाइल एपीटीला (मिंटमध्ये सॉफ्टवेअर टाकण्या-काढण्याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला) न कळवता आपल्या फाइली सिस्टिममध्ये पसरवते. मोड्यूल डीकेएमएसमध्ये (कर्नल बदलला की मोड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या व्यवस्थेत) नोंदवलं नसेल तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर ड्रायव्हर लोड होत नाही.

आता सिक्युअर बूट. ते मी भीती घालायला लिहिलेलं नाही. ड्रायव्हर नीट टाकूनही तो न चालण्याचं हे नेहमीचं कारण आहे. डीकेएमएस मोड्यूल तुमच्याच मशीनवर बांधतं आणि तुमच्याच मशीनच्या कीने त्यावर सही करतं. ती की (अशा कीला ‘मॉक’ म्हणतात) सिक्युअर बूटच्या विश्वासाच्या यादीत नोंदवावी लागते. म्हणून ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बहुतेक जण बिचकून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, आणि मग कर्नल मोड्यूल नाकारतो. ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ (sudo modprobe nvidia) केलं की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे ‘की नाकारली’, असं स्पष्ट उत्तर येतं. ही एक ओळ वाचली नाही, तर माणूस तीन वेगवेगळे ड्रायव्हर टाकून पाहतो, फॉरमॅट मारतो आणि शेवटी ‘लिनक्सवर हे कार्ड चालतच नाही’ म्हणून सोडून देतो. अशी चांगली मशीनं आणि चांगले वापरकर्ते गमावलेले मला खरोखर सलतं.

टर्मिनल नवख्याला जड जातं, हे तुमचं म्हणणं मान्य. पण वर दिलेल्या दोन्ही आज्ञा कायमचं काहीही बदलत नाहीत. एक फक्त माहिती देते, दुसरी मोड्यूल लोड करून पाहते. न घाबरता चालवता येतात.

तर आधी ड्रायव्हर मॅनेजरमधून ५८० टाका, ‘ओपन’ नसलेला. मग ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमधून (/etc/default/grub) नोमोडसेट काढून ‘सुडो अपडेट-ग्रब’ (sudo update-grub) चालवा आणि रीस्टार्ट करा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच जोडलेली आहे ना, तेही एकदा मागे वाकून बघा. तरी अडलं तर ‘एलएसपीसीआय -के’ (lspci -k, कोणत्या कार्डाला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दाखवणारी आज्ञा) मधला कार्डाचा भाग आणि मॉडप्रोबचं उत्तर इथेच खाली लिहा, मी बघतो.