उसाचं पातं, मध आणि मेडिकलचे थेंब

उसाचा हंगाम लागला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरल्यासारखा फिरतो: ‘उसाचं पातं डोळ्याला लागलं तर मध किंवा बाळंतिणीचं दूध घाला, वर पट्टी बांधा. लाली राहिली तर मेडिकलमधून थेंब आणा. तरी फूल पडलंच, तर आता डोळा बदलून मिळतो.’ खाली हात जोडलेले. करवीर-शिरोळकडं घरटी एक माणूस फडात असतो, म्हणून हे उत्तर.

मध काय, दूध काय, घरचं असलं तरी निर्जंतुक नसतं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. करवती धारेचं पातं त्यावर ओरखडा काढतं आणि शेतातली बुरशी आत सोडू शकतं. स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पट्टीही नको; पाल्याने झालेली जखम झाकली की उबेत जंतूंचं फावतं.

खरा घात आहे तो मेडिकलच्या थेंबांत. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लाली उतरते, ठणका कमी होतो, गडी परत वाडं बांधायला जातो. आत मात्र बुरशीशी झुंजणारी शरीराची ताकदच दाबली गेलेली असते, आणि बुरशीला रान मोकळं. मग बुबुळावर पांढरा डाग दिसायला लागतो.

डॉक्टर आधी डोळ्यात रंग टाकून निळ्या उजेडात बघतात. ओरखडा हिरवा चमकतो. व्रण असेल तर डोळा बधिर करून तिथला कण खरवडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण बॅक्टेरियाचं औषध बुरशीला चालत नाही. फ्युजेरियमसारख्या बुरशीला ५ टक्के नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, आणि पुढे कित्येक आठवडे. कंटाळवाणं आहे खरं. पण रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी पाजायला उठतोच की आपण.

आता ‘डोळा बदलून मिळतो’. अख्खा डोळा जगात कुठेही असा बदलून दृष्टी देत नाहीत. बदलतात तो फक्त पुढचा पारदर्शक पडदा, कधी तर त्याचा एखादाच थर. पहिलं यशस्वी रोपण १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी केलं, तेही चुन्याने डोळे भाजलेल्या मजुरावर. (गुऱ्हाळावर चुना हाताळणाऱ्यांनो, तो डोळ्यात गेला तर आधी भरपूर पाण्याने धूत राहा, गाडी नंतर काढा.)

शिवाय तो पडदा दुकानात मिळत नाही, कुणीतरी मरणानंतर दिलेला असावा लागतो. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, साखर, बीपी यांपैकी कशानेही नेत्रदान अडत नाही. साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस, आणि डोक्याखाली उशी.