हळद लागलेला खांदा

बाइंडर हा शब्द मी पुण्यात, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत शिकलो. तिथे बाइंडर म्हणजे जून महिन्यात आमच्या जुन्या पुस्तकांना नवी पाठ चिकटवून देणारा आणि ज्याच्या बोटांना कायम खळीचा वास येत असे असा एक अबोल मनुष्य. त्यामुळे ह्यूस्टनला आल्यावर अकराव्या वर्षी मी परसात लाकडाच्या धुरावर मांस शिजवण्याची भट्टी, म्हणजे स्मोकर, आणून ठेवला आणि शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून "बाइंडर कोणता वापरणार?" असे विचारले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर प्रथम भूगोलाचे पुस्तक आले.

आजोबांनी खुलासा केला. मांसावर मीठ, मिरपूड, पाप्रिका आणि ब्राऊन शुगर यांचा कोरडा मसाला चोळण्याआधी त्याला कशाचा तरी पातळ, चिकट लेप द्यायचा, म्हणजे मसाला गळून पडत नाही. हा लेप म्हणजेच बाइंडर. खुलासा एवढ्यावरच थांबला असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती; पण टेक्सासात बार्बेक्यू हा विषय आपल्याकडच्या मिसळीसारखा आहे. प्रत्येकाचे गाव वेगळे, प्रत्येकाची पद्धत एकमेव, आणि दुसऱ्याची पद्धत म्हणजे केवळ गैरसमज.

आजोबा पिवळ्या मस्टर्डचे कट्टर अनुयायी. डॅलसला राहणारा माझा मेहुणा मेयोनीजचा, कारण त्यात तेलही असते आणि अंडेही, आणि दोन्ही असताना एकच का घ्यावे, हा त्याचा आयुष्याबद्दलचाच दृष्टिकोन आहे. ऑफिसातील एक सहकारी हॉट सॉसचा आग्रह धरून होता, तर दुसऱ्याने आवाज खाली आणून काकडीच्या लोणच्याच्या बाटलीतले पाणी सुचवले. जणू घराण्यातली चीज देत होता. शिवाय साधे तेल होते, वूस्टरशायर सॉस होते, आणि "काहीही लावू नये" असे म्हणणारा एक पंथही होता. या शेवटच्या पंथाचे लोक इतरांकडे ज्या करुणेने पाहत, ती मी यापूर्वी फक्त चहा सोडलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

मी आठ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेतीन किलोंचा, डुकराच्या खांद्याचा तुकडा आणला होता. (त्याला इथे बॉस्टन बट म्हणतात. तो बॉस्टनचा नसतो आणि खांद्याचा असूनही त्याला बट का म्हणावे, हे विचारण्याचे धैर्य मी अकरा वर्षांत गोळा करू शकलेलो नाही.) आदल्या रात्री सर्व बाटल्या ओट्यावर मांडून मी त्यांच्यावरील बारीक अक्षरे वाचत बसलो. मस्टर्डच्या बाटलीवर व्हिनेगर, पाणी, मोहरी, मीठ आणि हळद! 1904 साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रेंच्स कंपनीने जी पिवळी मस्टर्ड अमेरिकेला दाखवली आणि जी पुढे देशभरच्या हॉट डॉगवर पसरली, तिचा तो झगझगीत रंग मोहरीचा नसून आपल्या हळदीचा आहे, हे मला त्या रात्री साडेअकरा वाजता कळले. नमुना म्हणून मी एका कोपऱ्याला थोडी लावून पाहिली. बायको पाणी प्यायला आली, तिने त्या पिवळ्या गोळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हळद लागली वाटतं. मुहूर्त कधीचा आहे?"

मुहूर्त पहाटे पाचचा होता. त्याआधी आईला फोन लावला, कारण तिकडे दिवस होता. सुरमईला हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ चोळून वरून रवा लावताना तिचा रवा कधी गळालेला मला आठवत नव्हता. "त्यात आगळ बाइंडरचं काम करतं का गं?" असे मी विचारले. "आगळ आंबटपणाचं काम करतं," आई म्हणाली. "आणि मीठ लावलं की पाणी सुटतंच ना रे, मसाला जाईल कुठे?"

हे उत्तर इतके बरोबर होते की मी ते ताबडतोब बाजूला ठेवले. मीठ चोळून ठेवलेल्या काकडीसारखे मांसालाही पाणी सुटते, त्या पाण्यात मीठ विरघळते आणि मसाला आपोआप धरून राहतो. तेलात मात्र मीठ विरघळत नाही. मस्टर्डमध्ये बहुतेक पाणी आणि व्हिनेगरच असल्याने तिचेही कार्य यापेक्षा फारसे वेगळे नाही, आणि तिचा झणका तर तासन्‌तासांच्या उष्णतेत जवळजवळ पूर्ण उडून जातो. परंतु चार बाटल्या विकत आणलेल्या माणसाला असे ज्ञान परवडत नाही. मी प्रयोग करायचे ठरवले: खांद्याचे चार भाग कल्पून एकाला मस्टर्ड, एकाला तेल, एकाला मेयोनीज आणि एक कोरा. कागदावर नकाशा काढला, उत्तर दिशाही दाखवली.

भट्टी 250 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे 120 अंश सेल्सिअसवर, स्थिर होती. दुपारी मांसाचे तापमान 160 फॅरनहाइटच्या आसपास येऊन अडून बसले. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. पृष्ठभागावरचे पाणी उडत राहते आणि माठातल्या पाण्यासारखे मांस स्वतःलाच गार करत बसते. खालून तुम्ही कितीही लाकूड घाला. तीन तास मी त्या आकड्याकडे पाहत होतो. चारही भागांवर एकसारखा काळा, खरपूस पापुद्रा धरला होता. शेवटी मी तो खांदा कागदात गुंडाळला आणि गुंडाळताना उलटला. किती वेळा उलटला, हे नकाशात नोंदवण्याची सोय नव्हती.

संध्याकाळी तापमान 203 झाले. तासभर मांस मुरू द्यायचे होते, म्हणून मी जरा आडवा झालो. जाग आली तेव्हा पाहुणे आले होते आणि बायकोने दोन काट्यांनी सगळा खांदा उसवून, पापुद्र्यासकट कालवून, परातीत ढीग करून ठेवला होता. पुल्ड पोर्क असेच करतात. मीच तिला शिकवले होते.

आजोबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि समाधानाने म्हणाले, "मस्टर्ड." त्याच क्षणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून मेहुण्याने मला डोळा मारला आणि मराठीत म्हणाला, "मेयोनीज लावलंस ना शेवटी?" मी दोघांनाही मान डोलावली.

रात्री आईचा फोन आला. "मीठ बरोबर पडलं होतं का?" तिने विचारले. जरा जास्तच पडले होते.