भिंतीकडे तोंड केलेलं कपाट

"आता काय उपयोग?" नव्वदी ओलांडलेल्या एखाद्या नाझी पहारेकऱ्याला जर्मनीत कोर्टात उभं केल्याची बातमी आली की हा प्रश्न ठरलेला. डिसेंबर 2022 मध्ये इत्सेहोच्या कोर्टाने श्टुटहोफ छळछावणीतल्या 97 वर्षांच्या माजी स्टेनोग्राफर बाईला दोषी ठरवलं. 10,500 हून जास्त खुनांना हातभार लावल्याचा ठपका, आणि शिक्षा दोन वर्षं, तीही स्थगित. तेव्हा आपल्याकडचेही कितीतरी जण हळहळले. "मरायला टेकलेल्या म्हातारीला कशाला छळता?"

मला त्या हळहळीचा राग येत नाही. व्हीलचेअरवरचं माणूस बघून कुणालाही कणव येईल. पण या प्रश्नात एक गोष्ट गुपचूप धरून चाललेली असते, की न्यायाला उशीर हा पावसाच्या उशिरासारखा आपोआप होतो, त्याला कोण काय करणार! हे खरं नाही. बऱ्याचदा उशीर करणाऱ्यांची नावं असतात, त्यांची पदं असतात, आदेशावर तारीखही असते. आणि याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात ढळढळीत उदाहरण इटलीतलं आहे.

1994 साल. एरिक प्रिब्के हा एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाचा अधिकारी अर्जेंटिनात बारिलोचे गावात स्वतःच्या नावाने मजेत राहत असल्याचं अमेरिकन टीव्हीवाल्यांनी उघडकीला आणलं होतं. रोममधल्या आर्देआतीने गुहांमध्ये 24 मार्च 1944 ला 335 माणसं मारली, त्यात हा होता. त्याच्यावर खटला भरायचा म्हणून लष्करी सरकारी वकील अंतोनिनो इंतेलिसानो जुनी कागदपत्रं शोधत होते. रोमच्या पालात्सो चेसी या लष्करी न्यायखात्याच्या इमारतीत एक लाकडी कपाट मिळालं. दारं भिंतीकडे फिरवलेली होती म्हणतात. आत 695 फायली आणि दोन हजारांवर नोंदींचं एक रजिस्टर. 1943 ते 1945 मध्ये जर्मन सैन्याने आणि त्यांच्या इटालियन फॅसिस्ट साथीदारांनी गावंच्या गावं मारली, त्याची ही दफ्तरं. जबाब, गावांची नावं, तुकड्यांची नावं, काही ठिकाणी मारेकऱ्यांचीसुद्धा. म्हणजे "पुरावा नव्हता" ही सबब त्या दिवशी संपली.

फायलींवरचा आदेश 14 जानेवारी 1960 चा. लष्कराचे मुख्य सरकारी वकील एन्रिको सांताक्रोचे यांनी सगळी प्रकरणं "तात्पुरती" दप्तरी दाखल करून टाकली. इटलीच्या कायद्यात असा तात्पुरता प्रकारच नव्हता. आपल्याकडे सरकारी कचेरीत ज्यांनी उमेदीची वर्षं काढली आहेत त्यांना या "तात्पुरत्या"चा अर्थ सांगायला नको.

का केलं? 1956 मध्ये परराष्ट्रमंत्री गाएतानो मार्तिनो यांनी संरक्षणमंत्री पाओलो एमिलियो ताव्हियानी यांना एक पत्र लिहिलं होतं. विषय होता ग्रीसमधल्या सेफालोनिया बेटावर शरण आलेल्या इटालियन सैनिकांना मारणाऱ्या जर्मनांचा. मार्तिनोंचं म्हणणं असं, की पश्चिम जर्मनी आता नाटोमध्ये आहे, नवं सैन्य उभारतोय, अशा वेळी हे उकरलं तर तिथल्या लोकांचं मन सैन्याविरुद्ध जाईल. ताव्हियानींनी होकार दिला. ताव्हियानी स्वतः नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतले, हे विशेष. शीतयुद्धात कालचा मारेकरी आजचा मित्र झाला होता. कारण एवढंच नव्हतं, दुसऱ्याकडे नंतर येते.

त्या कपाटातलं एक गाव सांतान्ना दि स्तात्सेमा. तोस्कानात, डोंगरात. 12 ऑगस्ट 1944 च्या सकाळी एसएसच्या सोळाव्या डिव्हिजनची माणसं वर चढून आली. सुमारे 560 माणसं मारली, बहुतेक बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. सगळ्यात लहान मुलगी 20 दिवसांची होती. चर्चसमोर लोकांना गोळ्या घातल्या आणि चर्चमधलीच बाकं बाहेर काढून प्रेतं पेटवली. अमेरिकन सैन्याच्या चौकशी अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी जबाब घेतले होते. खटला मात्र उभा राहिला 2004 मध्ये, ला स्पेझियाच्या लष्करी कोर्टात. जून 2005 मध्ये दहा माजी एसएसवाल्यांना जन्मठेप झाली. सगळे जर्मनीत, स्वतःच्या घरी. जर्मनीने एकालाही पाठवलं नाही.

मग जर्मनीने स्वतः काय केलं? स्टुटगार्टच्या सरकारी वकिलांनी दहा वर्षं तपास करून 2012 मध्ये प्रकरण बंद केलं. कायद्याची मेख बघा. जर्मनीत फक्त निर्घृण हेतूने केलेल्या खुनाला खटला भरायची मुदत नाही. त्याखालच्या मनुष्यवधाची मुदत मे 1960 मध्येच संपली. (जानेवारी 1960 ला रोममध्ये फायली बंद, मे 1960 ला जर्मनीत मुदत बंद. योगायोग असेल.) त्यामुळे प्रत्येक म्हाताऱ्याच्या बाबतीत, या माणसाने स्वतः, कुठल्या हेतूने, काय केलं हे वेगवेगळं सिद्ध करायचं. 68 वर्षांनी! साक्षीदार मरेपर्यंत थांबायचं आणि मग साक्षीदार मागायचा.

एन्रिको पिएरी तेव्हा दहा वर्षांचा होता, घरचे सगळे त्या सकाळी गेले. पुढे पोटासाठी स्वित्झर्लंडला गेला, परत आला, वाचलेल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याने जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या कोर्टात दाद मागितली. 2014 मध्ये त्या कोर्टाने सांगितलं की त्या दहांपैकी एक, एसएसच्या तुकडीचा कमांडर गेरहार्ड सोमर याच्याविरुद्ध पुरेसा संशय आहे, खटला चालू शकतो. 2015 मध्ये हॅम्बुर्गच्या वकिलांनी कळवलं, स्मृतिभ्रंश झालाय, चालवता येणार नाही. सोमर 2019 मध्ये 97 व्या वर्षी गेला. पिएरी 2021 मध्ये.

"म्हणजे शेवटी काहीच उपयोग झाला नाही, आम्ही तेच म्हणत होतो." थांबा.

कोर्ट नसेल तर आठवणीचं काय होतं ते चिव्हितेल्ला या दुसऱ्या गावात बघायला मिळतं. 29 जून 1944 ला तिथे जर्मनांनी पुरुष वेचून मारले. त्याआधी थोडे दिवस पार्टिझनांनी, म्हणजे डोंगरातल्या बंडखोरांनी, गावात जर्मन सैनिक मारले होते. पुढची पन्नास वर्षं गावातल्या विधवा पार्टिझनांनाच दोष देत राहिल्या. सरकारी समारंभात प्रतिकार चळवळीचा जयजयकार चालायचा तेव्हा या बायका दारं लावून घ्यायच्या. मारणारा परका, निघून गेलेला, त्याचं नावही माहीत नाही. राग काढायला शेजारचा पोरगा तेवढा हाताशी होता. याला मी बायकांचा दोष मानत नाही. नाव ठेवायला कोणीतरी लागतं, आणि ज्याने नाव शोधायचं त्या सरकारने कपाटाला कुलूप घातलं होतं.

सांतान्नाबद्दलही "पार्टिझनांमुळे झालं" ही कुजबूज वर्षानुवर्षं होती. ला स्पेझियाच्या निकालाने ती मोडली. ही चकमक नव्हती, सूडही नव्हता, नागरिकांना मारायची ठरवून केलेली मोहीम होती, असं कोर्टाने पुराव्यानिशी नोंदवलं. एकही माणूस तुरुंगात गेला नाही हे खरंच. पण सत्तरीतल्या त्या मुलांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सांगितलं आणि कोणीतरी सरकारच्या वतीने ते लिहून घेतलं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही आपली म्हण इथे अक्षरशः लागू पडते. काळ कुठेतरी अडवावा लागतो, साठ वर्षांनी का होईना.

आता ते दुसरं कारण. इटलीने जर्मनांना मागितलं असतं तर युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि इथिओपिया इटालियनांना मागणार होते. इथिओपिया इटलीच्या ताब्यात असताना, फेब्रुवारी 1937 मध्ये, राजधानी अदिस अबाबात इटलीचा व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर बाँब टाकल्यावर इटालियनांनी तीन दिवस शहरात कत्तल केली. इथिओपियाचा आकडा 30,000, काही अभ्यासक वीस हजारांच्या आसपास धरतात. म्हणजे आपली जखम झाकली, कारण तिच्याशेजारी आपला गुन्हा होता. सांतान्नाच्या लोकांना न्याय मिळाला नाही त्यात अदिस अबाबाचाही वाटा आहे, आणि इटलीत हे अजून नीट बोललं जात नाही. 2012 मध्ये आफिले गावाने या ग्रात्सियानीचं स्मारक उभारलं, सरकारी पैशातून!

आपला या सगळ्याशी संबंध आहे का? आहे, आणि तो आपण विसरलोय. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन 1941 मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर इटालियनांशी लढली. तीच बटालियन 1944 मध्ये इटलीत जर्मनांशी लढत होती. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला वरच्या तिबर खोऱ्यात पडले, वय 22, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तिथून जवळच गुब्बियोत अठराच दिवसांपूर्वी जर्मनांनी 40 नागरिक गोळ्या घालून मारले होते. मोन्तोने गावाने 2023 मध्ये घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. आपली पोरं ज्या गावांतून पुढे सरकत गेली, तिथल्या ताज्या थडग्यांच्याच फायली सोळा वर्षांनी त्या कपाटात गेल्या.

पिसाचा मनोरा बघायला दरवर्षी आपल्याकडच्या सहलींच्या बसेस जातात. तिथून सांतान्ना फार तर तासाभरावर आहे. जुन्या शाळेच्या इमारतीत संग्रहालय आहे, आणि चर्चमध्ये एक ऑर्गन आहे जो जर्मनीतल्या एस्सेनच्या वादकांनी पैसे गोळा करून 2007 मध्ये बसवला. रस्ता वळणावळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन जावं. आणि कामानिमित्त अदिस अबाबाला कोणी जात असाल तर सिदिस्त किलोच्या चौकातला 1937 च्या मृतांचा स्तंभही बघा. युद्धगुन्हेगार म्हणून इथिओपियाने मागितलेल्यांच्या यादीत ग्रात्सियानी आणि इथिओपियावरच्या स्वारीचा सेनापती बादोल्यो ही नावं होती. एकही माणूस त्यांच्या हवाली झाला नाही.