लेखक : सिस्टम अकाउंट

चाकणच्या आमच्या कारखान्यात परवा आयएसओचं ऑडिट होतं. ऑडिटरने गेज कॅलिब्रेशनची, म्हणजे मापाची उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासण्याची, एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) मागितली. ती मी लिहिली आहे, व्हर्नियरपासून स्नॅप गेजपर्यंत एकेका उपकरणापाशी उभं राहून, ऑपरेटर लोकांची बोलणी खाऊन. मी ऐटीत लिंकवर क्लिक केलं. शेअरपॉइंट, म्हणजे कंपनीच्या फाईली ठेवायची आमची ऑनलाइन जागा, म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. ऑडिटरने चष्मा वर करून आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

खाली ‘ॲक्सेस मागा’ असं बटण असतं. ते दाबलं की अर्ज साइटच्या मालकाकडे जातो. आमच्या साइटचा मालक म्हणजे जुन्या सर्व्हरवरचं सगळं इकडे हलवताना ज्याने साइट उघडली तो पोरगा. तो नोकरी सोडून बंगळुरूला गेला. माझे अर्ज त्याच्या बंद पडलेल्या मेलबॉक्सात जमा होताहेत. राहता राहिले दुसरे मालक, भाऊ.

भाऊ आमचे डॉक्युमेंट कंट्रोलर. टेबलावर ‘कंट्रोल्ड कॉपी’चा निळा शिक्का, ‘ऑब्सोलीट’चा लाल, आणि ‘फक्त माहितीसाठी’ असा एक जांभळा, जो ते चिडल्यावरच बाहेर काढतात. कॉम्प्युटर आला की आपले शिक्के जाणार, ही त्यांची जुनी धास्ती. झालं उलटंच. कंपनीने त्यांनाच ॲडमिन केलं. आता शिक्के आहेतच, वर पासवर्डही आहे.

“भाऊ, कॅलिब्रेशनच्या एसओपीचा ॲक्सेस द्या ना. ऑडिटर बसलेत वर.”

“कशाला हवाय?”

“दाखवायला. माझीच आहे ती.”

“तुमची?” भाऊंनी सावकाश माऊस सरकवला. “इथे तर लेखक वेगळे दिसतायत.”

“कोण?”

“सिस्टम अकाउंट.”

फाईली हलवताना जुन्या सर्व्हरवरची नावं नव्या यादीशी जुळवून घ्यावी लागतात. ते काम कोणी केलं नाही, तर कर्त्याच्या जागी हे असं काहीतरी येऊन बसतं. मी भाऊंना सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं.

“पटलं मॅडम. मग त्यांचा मेल आणा.”

“कोणाचा?”

“सिस्टम अकाउंटचा. ‘सदर मॅडमना फाईल दाखवण्यास हरकत नाही.’ एवढी एक ओळ पुरे.”

“भाऊ, सिस्टम अकाउंट हा माणूस नाहीये.”

“मग एवढ्या फाईली कोणी लिहिल्या?” त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. खाली खाली जावं तसं तेच नाव. “परचेस त्यांचं, क्वालिटी त्यांचं, कॅन्टीनची टेंडरसुद्धा त्यांनीच केलीत. रविवारच्या एन्ट्र्या आहेत. रात्री दोन-दोन वाजताच्या आहेत. एक सुट्टी नाही, मॅडम!” भाऊंचा आवाज हळवा झाला. “आमच्या वेळी होती अशी माणसं. हेड ऑफिसला बसत असतील.”

“पहिल्या पानावर ‘तयार करणार’ म्हणून माझं नाव आहे. उघडून बघा.”

“बघितलं मी. आहे नाव. पण ते टाइप केलेलं आहे. टाइप काय, कोणीही करतं.”

यावर मी काय बोलणार? इथून तासाभरावर पुणं आहे. तिथे पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवले होते. पेशवाई बुडाल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी, १९३० पासून, रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले. त्याआधी इंग्रज सरकार अभ्यासकांना त्या दप्तरात शिरूच देत नव्हतं म्हणा, म्हणजे ‘ॲक्सेस मागा’ ही आपल्याकडची जुनीच परंपरा. पण निदान कागद कोणी लिहिला हे तरी त्या कागदावरून ठरत होतं.

बरं, सगळंच कुलपात आहे असंही नाही. टीम्स या ऑफिसच्या चॅट-मीटिंगच्या ॲपवर नवी टीम काढली की पाठीमागे शेअरपॉइंटची एक साइट गुपचूप उभी राहते, आणि टीम तर आमच्याकडे कोणीही काढतं. त्यामुळे ‘दिवाळी फराळ’ नावाची साइट आहे, ‘दिवाळी फराळ नवीन’ आहे, आणि त्यात चिवड्याच्या वर्गणीची एक्सेल आहे. ती मला उघडते. तीत बदलही करता येतात. मी मनात आणलं तर अख्ख्या मशीन शॉपची वर्गणी माफ करू शकते. कधी वाटतं, माझी एसओपी कोणीतरी पुसून टाकली असती तर बरं झालं असतं. पुसलेली फाईल ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये तरी असते, आणि ती परत मागितली तर आयटीवाले ‘तुमची कशावरून’ असं विचारत नाहीत.

भाऊंवर चिडून उपयोग नाही. त्यांना हे कोणी शिकवलंच नाही. एका दुपारचं ट्रेनिंग झालं, त्यातला अर्धा वेळ प्रोजेक्टर लावण्यात गेला. ज्यांनी सल्लागार बोलावले, ‘डिजिटल’ असं लिहिलेला केक कापला आणि फोटो काढून घेतले, त्यांनीच नावं जुळवायचं काम ‘फेज टू’मध्ये ढकललं. फेज टूचं बजेट पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तोवर आम्ही आमच्याच कामाचे पुरावे गोळा करत या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरायचं, आणि वर अप्रेजलला ऐकून घ्यायचं की टूल्सचा वापर कमी पडतो.

शेवटी भाऊच लॅपटॉप घेऊन वर आले. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. फाईल उघडली, स्क्रीन ऑडिटरकडे वळवली आणि मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही जरा त्या बाजूला बसता का? तुम्हाला परवानगी नाहीये.”

मी त्या बाजूला बसले.

ऑडिटरने शेवटपर्यंत वाचली. “छान लिहिली आहे,” ते म्हणाले.

“त्यांचं काम चोखच असतं,” भाऊ म्हणाले.

मग ऑडिटरची नजर लेखकाच्या रकान्यावर गेली. संध्याकाळी एनसी, म्हणजे नियम न पाळल्याची नोंद, आली, मायनर. कलम ७.५.२, दस्तऐवजाची ओळख : रेकॉर्डमध्ये लेखक स्पष्ट नाही. सुधारणा महिन्याभरात करावी. त्याखाली ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना होता. त्यात माझं नाव होतं, मधल्या नावासकट, एकही चूक न करता.