सर्वांना कझिन म्हणा

आपण नाशिकचे सुशिक्षित रहिवासी असाल आणि या मोसमात गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉन्सवर लग्नाला जाणार असाल, तर भेटेल त्याला ‘कझिन’ म्हणण्याचा सराव आजच सुरू करावा. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ असे चार शब्द बाळगणे हा पूर्वजांचा निव्वळ उधळेपणा होता.

शिवाय मराठी नात्याच्या नावाला बहुधा एखादे काम आणि एखादा खर्च चिकटलेला असतो. एकदा ‘मामा’ झालात, की भाच्याचे जावळ तुमच्याच मांडीवर काढले जाते, आणि भाची मोठी झाली, की तिला बोहल्यापर्यंत आणून मंगलाष्टके संपेपर्यंत तिच्यामागे उभे राहण्याचा मानही तुमचाच. आत्याने बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचे आणि साडीच्या रंगाबाबत भावजयीच्या आवडीवर विसंबायचे. नवरीचा भाऊ निदान नवरदेवाचा कान पिळून काही पदरात पाडून घेतो. ‘अंकल’ मात्र जेवतो आणि घरी जातो.

सासरची नाती तर मुळीच शिकू नयेत. बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा; यांतल्या एकाने मान द्यायचा असतो आणि दुसऱ्याने घ्यायचा, त्यामुळे शब्दाचा नेमका अर्थ लावणारा हमखास खर्चात पडतो. जिथे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, तिथे मामाच सासरा होतो आणि आत्या सासू. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तिथे सपिंड, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या, विवाहाला मोकळीक ठेवली आहे. मावशीच्या नवऱ्याला तर आपण सर्रास ‘काका’च म्हणतो, तिथे खुद्द मराठीनेच हात टेकले असावेत, असे मला वाटते.

अडचण येते ती फक्त रामकुंडावर. तिथले तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या सांभाळून असतात, आणि पितृपक्षातल्या महालयाच्या श्राद्धात पितृव्य, मातुल, पितृष्वसा, मातृष्वसा, म्हणजेच काका, मामा, आत्या आणि मावशी, यांचा उच्चार वेगवेगळा होतो. गुरुजींनी ‘मातुल कोण?’ असे विचारल्यास गांगरून न जाता ‘एक अंकल होते’ असे सांगावे. मग ते आजोबांच्या हातची नोंद काढून दाखवतील, त्यांचा मामा कोण आणि साडू कोण हे त्यात वाचता येईल, आणि खाली तुमची नोंद करायला सांगतील. तिथे ‘कझिन, एकूण अकरा’ असे सुवाच्य अक्षरात लिहून सही करावी.