रस्ता आला की पैसा येतो म्हणे!

काकांनी तो मेसेज मला तीनदा पाठवला. पहिल्यांदा वाचलाच नाही, दुसऱ्यांदा हसून सोडून दिला. तिसऱ्यांदा खाली त्यांची स्वतःची ओळ होती, ‘नियोजित महामार्गालगत जमीन बघून ठेवलीय, ग्रॅच्युइटीचे पैसे आहेतच.’ मग मात्र हसू पळालं. उभा जन्म बँकेत दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासलेला माणूस हा!

मेसेजमध्ये चार ठोस ‘सत्यं’ आहेत. चीन बुलेट ट्रेनमुळे श्रीमंत झाला. नवं तंत्रज्ञान आलं की उत्पादकता लगेच वाढते. पायाभूत सुविधांसाठी काढलेलं कर्ज आपोआप फिटतं. आणि गावाला पक्का रस्ता मिळाला की चार-पाच वर्षांत तिथलं उत्पन्न दुप्पट होतं.

चौथं आधी घेतो, कारण ग्रॅच्युइटी त्याच्यावर टांगलेली आहे.

हे तपासून झालेलं आहे, तेही आपल्याच देशात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. रस्ता आधी कुणाला, हे लोकसंख्येवर ठरत होतं : आधी हजारावरची गावं, मग पाचशेवरची. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाद या अर्थतज्ज्ञांनी नेमका याच नियमाचा उपयोग केला. लोकसंख्येच्या या उंबरठ्याच्या किंचित वरचं गाव आणि किंचित खालचं गाव यांत तसा फरक काय असणार? पण वरच्याला रस्ता मिळण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणजे तुलना करायला जुळी भावंडंच सापडली. त्यांचा अभ्यास २०२० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. रस्ता होऊन चार वर्षांनी काय दिसलं? वाहतुकीची सोय वाढली, शेतीतली माणसं दुसऱ्या कामांकडे वळली. पण शेती, उत्पन्न, मालमत्ता यांत मोठा फरक नाही. गावातला रोजगार वाढला तो जेमतेम.

दुप्पट सोडाच, काका.

यात आश्चर्य वाटण्यासारखंही काही नाही. रस्ता दोन्ही दिशांनी चालतो. शहरातला स्वस्त माल गावात येतो आणि गावातली कामाची माणसं बाहेर जातात. माणसं बाहेर जाऊन चार पैसे जास्त कमावत असतील तर ते चांगलंच आहे, पण त्याने रस्त्याकडेच्या प्लॉटला सोनं लागत नाही. त्यात हा प्रवेश-नियंत्रित महामार्ग असेल तर इंटरचेंज सोडून मधे कुठेच चढता-उतरता येत नाही. लगतच्या जमिनीला मिळतं ते कुंपण आणि हॉर्नचे आवाज. शिवाय महामार्ग येणार हे जमीन विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. तो काय तो भाव धरून बसला नसेल?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. अर्थतज्ज्ञ डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिश काळातल्या भारतीय रेल्वेचा अभ्यास केला. रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यात शेतीचं उत्पन्न, महागाई वजा जाता, सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं. आखून ठेवलेल्या पण न बांधलेल्या मार्गांवर असा परिणाम दिसला नाही, म्हणजे श्रेय रेल्वेचंच. पण ती बैलगाडीवरून आगगाडीवर मारलेली उडी होती, आणि जिल्ह्यांकडे बाहेर पाठवायला माल होता. आणि १६ म्हणजे काही १०० नव्हे.

बाकीचं पटकन. चीनमध्ये आर्थिक सुधारणा १९७८ ला सुरू झाल्या आणि पुढची तीस वर्षं वाढीचा वेग वर्षाला सरासरी दहा टक्क्यांच्या घरात राहिला. बीजिंग–त्येनजिन ही वेगवान रेल्वे सुरू झाली ऑगस्ट २००८ मध्ये. वरातीमागून आलेलं घोडं वरातीचं कारण कसं?

तंत्रज्ञानाचं ‘लगेच’ तर फारच गमतीचं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच चिमटा काढला होता की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीज केंद्र १८८२ चं, आणि अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता विजेमुळे खरी उसळली ती १९२० च्या दशकात. आधी मालकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे मोटर बसवली, एका इंजिनाची ताकद सगळ्या यंत्रांपर्यंत नेणारे पट्टे आणि दांडे तेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कारखानाच नव्याने मांडायला एक पिढी गेली.

आणि आपोआप फिटणारं कर्ज! स्पेनमधल्या सियुदाद रिआलला अब्जाहून जास्त युरो घालून विमानतळ बांधला. २०१२ मध्ये तो बंद पडला. २०१५ च्या लिलावात एकच बोली आली, १०,००० युरोंची. त्यात पैसा घातलेली बचत बँक २००९ मध्येच बँक ऑफ स्पेनला ताब्यात घ्यावी लागली होती. हे उदाहरण निवृत्त बँकवाल्याला तरी पटावं म्हणून मुद्दाम दिलं.

हे सगळं मी काकांना लिहून पाठवलं. उत्तर आलं, ‘वाचतो सावकाश. पण इंटरचेंज कुठे आहे ते बघून सांग.’