रिकाम्या पोर्टचे उद्योग

आमच्या घरात रिकामं काही राहू द्यायची पद्धत नाही. श्रीखंडाचा डबा संपला की त्यात मोहरी जाते, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुई-दोरा. त्यामुळे नव्या कॉम्प्युटरच्या पाठीवर दोन लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल खुपसायची भोकं, आहेत आणि त्यातला एक नुसताच बसून राहणार, हे कळल्यावर मला झोप लागेना.

राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे. मी मधल्या खोलीत, चिरंजीव शेवटच्या. मध्ये दोन भिंती आणि एक गोदरेजचं कपाट. वायफाय तिथपर्यंत पोचतं ते धापा टाकत. म्हटलं, एका पोर्टातून हॉलचं नेट घ्यायचं आणि दुसऱ्यातून मुलाच्या खोलीत सोडायचं. पाटाचं पाणी आपल्या शेतातून पुढे सोडतात, तसं.

‘‘अहो, दोन भोकं आहेत म्हणून दोन्हीत काहीतरी खुपसलंच पाहिजे का?’’ बायकोने विचारलं.

प्रश्न इतका मुद्देसूद होता की मी उत्तर न देता थेट पुण्यातली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली.

मुलाच्या खोलीसाठी तयार केबल मिळाली. हॉलकडची मात्र भिंतीतल्या पाइपातून न्यायची होती आणि तयार केबलचा प्लग पाइपात शिरेना. म्हणजे सुटी वायर ओढून तिच्या टोकांना प्लग आपणच बसवायचे. वायरचं साल काढलं की आत आठ तारा निघतात. त्यांचा क्रम ठरलेला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळ्यांनी घुसायचं का, हे विचारायचं नाही. त्या पांढऱ्यांवर रंगाची जी पुसटशी रेघ असते, ती माझ्या चष्म्याच्या वरच्या भागातूनही दिसत नाही आणि खालच्या भागातूनही नाही. बायको टॉर्च धरून रंग सांगत होती, मी चिमटीत तारा सरळ करत होतो. सगळ्या ओळीत आल्या की शेवटची तपकिरी अंग काढून घ्यायची. चार प्लग वाया घालवल्यावर पाचव्यात दिवा लागला आणि मी टॉर्चसकट बायकोला चहा करायला पाठवलं.

तपकिरीने शेवटी दगा दिलाच होता, पण ते पुढे कळलं.

आता पत्ते, म्हणजे नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला असतात ते आकडे. राउटरचा पत्ता 192.168.1.1. मी विचार केला, घर एकच, मग पत्तेही एकाच घराण्यातले हवेत. मुलाच्या बाजूच्या पोर्टाला हाताने 192.168.1.5 दिला आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ची चौकट मोकळी दिसली म्हणून तीही भरून टाकली. मोकळी चौकट! सोडतो की काय!

मुलाच्या खोलीत नेट आलं नाही. ते ठीक आहे, पण माझंही गेलं.

शेवटी भाच्याला फोन लावला. सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. डॉक्टर एक्स-रे बघताना राहतात, तसा.

‘‘मामा, दोन्ही बाजूंना एकच सबनेट, म्हणजे पत्त्यांचं एकच घराणं दिलंयस. त्याला वाटतंय राउटर दोन्हीकडे आहे. आणि गेटवेही दोन.’’

आमच्या आजोळच्या वाड्याला दोन दारं होती, पुढचं रस्त्यावर, मागचं बोळात. पाहुणे पुढून, कोळसेवाला मागून, यात कधी घोळ झाला नाही, कारण आजी ओट्यावर बसलेली असायची. माझ्या कॉम्प्युटरला दोन्ही दारांवर ‘बाहेर जाण्याचा रस्ता’ अशी पाटी लावून मी आजीला घरी पाठवलं होतं. अशा वेळी विंडोज जास्त वेगाची तार बघून तिकडे वळतं. मुलाकडची तयार केबल गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला 1000 मेगाबिटची. माझ्या हातची हॉलची केबल जेमतेम 100 वर रखडलेली, कारण गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 ला चारच पुरतात, आणि तपकिरी आत पोचलीच नव्हती. त्यामुळे माझा कॉम्प्युटर जगभरची पत्रं इमानेइतबारे मुलाच्या खोलीत टाकत होता. आणि त्या खोलीत टाकलेलं काही परत येत नाही. टॉवेलसुद्धा.

ही दुरुस्ती चालू असतानाच हॉलमधून आईचा आवाज आला, ‘‘अरे, सीरियल थांबली.’’ मग बायकोची मीटिंग थांबली. राउटरचे सगळे दिवे गणपतीच्या मखरासारखे एका तालात लुकलुकत होते. तासभर मी माझेच पाप शोधत होतो. मग टीव्हीच्या मागे वाकलो, तर एकाच केबलची दोन्ही टोकं राउटरमध्ये.

‘‘एक टोक लोंबकळत होतं, शेजारी भोक रिकामं होतं,’’ आई म्हणाली. ‘‘लावून टाकलं.’’

एका टोकातून गेलेला निरोप दुसऱ्यातून परत येत होता, पुन्हा निघत होता, आणि घरातलं सगळं नेट त्या गरगरण्यात अडकलं होतं. मी आईला काही बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

भाच्याने मग फोनवरूनच हाताने लिहिलेलं सगळं पुसायला लावलं आणि हॉलच्या कनेक्शनवर ‘शेअरिंग’ची टिकली लावायला सांगितली. दुसऱ्या पोर्टाने आपणहून 192.168.137.1 हा वेगळा पत्ता घेतला आणि शेवटच्या खोलीतून ‘‘आलं!’’ अशी आरोळी आली. सासरी दिवस गेल्याची बातमी कळावी, तसा घरात आनंद झाला. तपकिरीसाठी सहावा प्लगही बसवला.

रात्री अकराला मी कॉम्प्युटर बंद केला.

‘‘बाबा, नेट गेलं!’’

म्हणजे त्याला नेट हवं तर मी जागं राहायचं. चार दिवस कॉम्प्युटर रात्रभर घुरघुरत राहिला, पाचव्या दिवशी बायकोने विजेचं बिल टेबलावर ठेवलं. काही बोलली नाही. मी पुन्हा तपकीर गल्लीत. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, नेटच्या केबली जोडायचा पाच पोर्टचा स्विच घ्या की. हजाराच्या आत काम.’’ घरी आणला, तीन वायरी खोचल्या, दोन मिनिटांत सगळं सुरू. पत्ता नाही, टिकली नाही, भाचा नाही.

कॉम्प्युटरचा दुसरा पोर्ट पुन्हा रिकामा झाला. स्विचवरही दोन मोकळे उरले. संध्याकाळी आई चष्मा वर करून त्यांच्याकडे बघत उभी होती, हातात कुठलीशी वायर.

मी धावत जाऊन दोन्हींवर चिकटपट्टी लावली.